तुर्कस्तानातली पदवी, जर्मनी-इटलीतलं विद्यापीठ: आधी अपॉस्टिल की आधी भाषांतर?

इझमिरची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, म्हणजे नणंदेच्या मुलीचा. मला ती 'येंगे' म्हणते, आपल्याकडे मामी म्हणतात तसं. गेल्या जूनमध्ये इथेच इझमिरमध्ये अन्न अभियांत्रिकीची पदवी झाली. आता मास्टर्ससाठी जर्मनीतली तीन आणि इटलीतलं एक विद्यापीठ नक्की केलंय. लग्नाच्या वेळी भारतातले कागद इथे चालवून घेण्याचा खटाटोप मी केला होता, त्यामुळे सासरी सगळ्यांना वाटतं की मला यातलं सगळं कळतं.

तिच्या हातात तीन कागद आहेत. 'गेचिजी मेझुनियेत बेल्गेसी', म्हणजे तात्पुरता पदवी दाखला, शाईच्या सहीचा. गुणपत्रक, इलेक्ट्रॉनिक सहीचं. आणि ई-देव्लेत या सरकारी संकेतस्थळावरून काढलेला बारकोडवाला पदवीधर दाखला. खरी पदवी अजून छापून आलेली नाही.

सल्ले तीन जणांचे, तिन्ही वेगळे. विद्यार्थी विभागातली बाई म्हणते, बारकोडवाला कागद जगात कुठेही चालतो. भाषांतर कार्यालय म्हणतं, आधी भाषांतर, मग नोतेर (म्हणजे नोटरी), मग अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी सही-शिक्का). शेजारची मुलगी म्हणते, आधी अपॉस्टिल, नाहीतर सगळं परत करावं लागेल.

काल नोतेरकडे चौकशीला गेलो. काउंटरवरच्या माणसानं बोटाला रबरी टोपी लावली, गुणपत्रकाची पानं दोनदा मोजली आणि आकडा कागदावर लिहून आमच्याकडे सरकवला. आकडा बघून भाचीचा चेहरा उतरला. वडील निवृत्त, पैसे ती शिकवण्या घेऊन जमवते आहे. म्हणून विचारते: नेमकं काय लागतं, कोणत्या क्रमानं लागतं, आणि काय नाही केलं तरी चालतं?

तिसरा_डबा

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात एक तुर्की सहकारी आहे, त्याच्या भावाचं हेच चाललंय.

एपीएस_पार_केलेली

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीचे कागद तपासल्याचा दाखला, लागतं ना? मी पुण्याची. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालं आणि आमची बॅच बरोबर त्यात सापडली. १८,००० रुपये, वर महिनोन् महिने वाट बघणं. भाचीनं ते केलंय का?

र्‍हाईनकाठ

एपीएस तुर्कस्तानला नाही. ती व्यवस्था भारत, चीन आणि व्हिएतनामसाठी आहे. तुर्की विद्यार्थ्यांचे कागद थेट विद्यापीठ किंवा युनि-असिस्ट (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) तपासतं.

मी नऊ वर्षं इथल्या एका विद्यापीठात परदेशी अर्जांच्या टेबलावर आहे, तुर्की अर्ज रोज हाताखालून जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूनबाई, आधी अपॉस्टिल की भाषांतर हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न: कागद घेणारा काय मागतो? तिन्ही विद्यापीठांची पानं उघडा आणि प्रत्येकानं मागितलेला शब्द जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या. माझ्या टेबलावर आजवर तुर्की पदवीच्या अपॉस्टिलसाठी कोणाचा अर्ज अडलेला नाही. आम्हाला लागते मूळ भाषेतल्या कागदाची प्रमाणित प्रत आणि शपथबद्ध भाषांतरकाराचं जर्मन किंवा इंग्रजी भाषांतर. मूळ कागद प्रवेशाच्या दिवशी समोर ठेवायचा. अर्जाच्या टप्प्यावर अपॉस्टिलसाठी धावणाऱ्या पोरांची मला दरवर्षी कणव येते, कारण तो वेळ त्यांनी दुसरीकडे द्यायला हवा असतो.

आता बारकोड. ई-देव्लेतच्या पडताळणी पानावर आम्ही बारकोड क्रमांक आणि विद्यार्थ्याचा अकरा आकडी ओळख क्रमांक टाकतो, की तोच कागद पडद्यावर उघडतो. हातातला आणि पडद्यावरचा ओळीनं ताडून बघायचा, संपलं. पण पुष्कळ मुलं खासगीपणाच्या काळजीनं ओळख क्रमांकावर काळी पट्टी मारून कागद पाठवतात. मग पडताळणी होतच नाही, आणि आम्हाला मेल पाठवावा लागतो. मुदत १५ जुलै, मेल १० जुलैला, मुलगी गावी. असं घडलेलं मी पाहिलंय. भाचीला सांगा, तो क्रमांक झाकू नकोस.

गुणपत्रकाच्या मागे गुणांची मोजपट्टी छापलेली आहे का, तेही बघा. एए, बीए, बीबी करत एफएफपर्यंत आणि ४.००पैकी सरासरी. आम्ही ती जर्मन श्रेणीत बदलतो. तुर्कस्तानात पदवीला किमान सरासरी २.०० धरली तर ३.००ची आमच्याकडे २.५ होते (आमच्याकडे लहान आकडा चांगला). मागचं पान स्कॅन केलंच नसेल, तर किमान किती आणि कमाल किती हे अर्जात कुठेच दिसत नाही.

युनि-असिस्टचं शुल्क पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. तिच्या बेतात हे धरा.

इझमिरची_सून

दादा, काय सांगू, तुम्ही रात्री वेळ काढून एवढं लिहिलंत. काळी पट्टी! भाचीनं कालच स्कॅनवर मारली होती. आत्ता फोन करून काढायला लावली.

सहज_सुचलं

मला मुळातच पटत नाही. देशाकडे सगळ्या पदवीधरांचा एक साठा आहे, परदेशातला कारकून दोन आकडे टाकून मिनिटात खात्री करू शकतो, तर नोतेर आणि शिक्के अजून का? पानामागे पैसे मोजणाऱ्या मुलांच्या खिशातून हा धंदा चालतो. बारकोड पुरे, असं सगळ्या विद्यापीठांनी एकदाचं ठरवून टाकावं.

कांदेपोहे_अंकारा

सहज_सुचलं, तुमचा राग कळतो. पण मी अंकारात पीएचडी करताना जे पाहिलं, त्यानंतर नुसत्या साठ्यावर विसंबायला मन धजत नाही. २०२५च्या उन्हाळ्यात इथे मोठं प्रकरण बाहेर आलं. एका टोळीनं सरकारी अधिकाऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या बनावट प्रती करून घेतल्या आणि त्या वापरून सरकारी प्रणालींत शिरून खोट्या पदव्या चढवल्या. नोंदच आत बसली, की बारकोडही खरा आणि पडताळणीचं पानही हिरवं. त्यानंतर माझ्या प्रयोगशाळेतल्या, चार वर्षं घासून पदवी मिळवलेल्या मुलांना परदेशातून दुप्पट प्रश्न यायला लागले. चोरी एकानं केली आणि तपासणी दुसऱ्याची झाली.

शिवाय साठा एकसारखा नाही. योक, म्हणजे इथली उच्च शिक्षण परिषद, १९८१ची. तिच्या नोंदीत अलीकडचे पदवीधर नीट आहेत. जुन्यांपैकी पुष्कळांना 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं, मग आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागाकडे अर्ज करून नोंद चढवून घ्यायची. माझ्या मार्गदर्शकांची स्वतःची नोंद नव्हती.

सहज_सुचलं

मान्य, हे माहीत नव्हतं. पण मग अपॉस्टिलनं तरी काय साधतं? खोट्या पदवीवर अपॉस्टिल लागणार नाही का?

र्‍हाईनकाठ

लागू शकतं. अपॉस्टिल एवढंच सांगतं की सही खरी, सही करणाऱ्याचं पद खरं आणि शिक्का खरा. आतल्या मजकुराची हमी त्यात नाही. १९६१च्या हेग कराराचा तो चौकोनी मजकूर, बाजू किमान ९ सेंटिमीटर, दहा क्रमांकित रकाने, वर फ्रेंचमध्ये शीर्षक. म्हणूनच आम्ही एका कागदावर थांबत नाही. गुणपत्रकातले विषय, क्रेडिट आणि वर्षं एकमेकांशी जुळतात का ते पाहतो. तुर्कस्तान २००१पासून बोलोन्या प्रक्रियेत, म्हणजे युरोपातल्या पदव्या एका मापात आणणाऱ्या व्यवस्थेत, आहे, त्यामुळे वर्षाला ६० आणि चार वर्षांना २४० क्रेडिट दिसायला हवीत. पदवीसोबत 'दिप्लोमा एकी' नावाची पुरवणी मिळते, अभ्यासक्रमाची पातळी, विषय, श्रेणी सगळं त्यात असतं. ती पुरवणी भाचीनं मागून घ्यावी. मी तर पदवीआधी पुरवणीच वाचायला घेतो.

जुना_तलाठी

मी सातारा जिल्ह्यात महसूल खात्यात ३४ वर्षं काढली. तुर्की येत नाही, पण हा धागा वाचून राहवेना. आमच्या दप्तरातल्या उताऱ्याच्या नकलेवर काय लिहीत असू? 'असल बरहुकूम नक्कल'. सूनबाई, तुमच्याकडे नकलेवर काय लिहितात?

इझमिरची_सून

तलाठीकाका, अंगावर काटा आला! इथे शिक्का असतो 'आस्ली गिबीदिर', असलाप्रमाणे आहे. तोच 'असल'! शिक्क्याला म्हणतात म्युह्यूर, आपली मोहोर. वहीला देफ्तेर, आपलं दफ्तर. भाषांतर म्हणजे तेर्जुमे, आपला तर्जुमा. आणि मुखत्यारपत्राला वेकालेतनामे, आपला वकालतनामा.

जुना_तलाठी

म्हणजे अरबी-फारसीतून दोघांच्याही दप्तरात एकच शब्द गेले. फार आनंद झाला. नातवाला दाखवतो.

कांदेपोहे_अंकारा

काका, अजून घ्या. अपॉस्टिल देतो तो 'वाली', म्हणजे प्रांताचा राज्यपाल, नाहीतर 'कायमाकाम', म्हणजे तालुक्याचा अधिकारी. आपण म्हणतो ना, 'त्याला कोणी वाली नाही'? इथे प्रत्येक कागदाला वाली आहे!

तिसरा_डबा

आणि कायमाकाम म्हणजे कायम मुक्काम का? 😄 रांगेत उभं राहिलं की तसंच वाटत असणार.

कांदेपोहे_अंकारा

मुळात 'दुसऱ्याच्या जागी उभा असलेला' असा अर्थ. पण कायम आणि मुक्काम हे शब्द त्याच कुळातले, त्यामुळे तुमचा नेम अगदीच चुकलेला नाही. रांग मात्र फार नसते. अपॉस्टिलला सरकार इथे पैसेही घेत नाही. पैसे जातात ते नोतेर आणि भाषांतराला.

तर्जुमा_जर्मन

जर्मन-मराठी भाषांतर करते, तुर्की सहकाऱ्यांबरोबरही कामं असतात. मूळ प्रश्नाकडे येते, नाहीतर सूनबाईंना रात्रभर शब्दच मोजत बसावं लागेल.

अपॉस्टिल कोणत्या कागदावर हवं, यावर क्रम ठरतो. मूळ दाखल्यावर हवं असेल तर आधी अपॉस्टिल, मग भाषांतर, कारण भाषांतरात अपॉस्टिलचा मजकूरही यायला हवा. भाषांतर आधी केलंत तर तो चौकोन राहून जातो आणि पुन्हा पैसे पडतात. शेजारची मुलगी बरोबर सांगत होती. पण घेणाऱ्याला नोतेरनं प्रमाणित केलेलं भाषांतर अपॉस्टिलसह हवं असेल, तर भाषांतर, नोतेर, अपॉस्टिल हाच क्रम. म्हणजे भाषांतर कार्यालयही खोटं बोलत नव्हतं. दोघं दोन वेगळ्या मागण्यांची उत्तरं देत होते, आणि मागणी काय आहे ते कोणीच विचारलं नव्हतं.

नोतेर भाषांतर तपासत नाही, हेही लक्षात असू द्या. समोरची सही आपल्याकडे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराची आहे, एवढंच तो सांगतो. मजकूर तुम्हीच वाचा. नाव, आडनाव, जन्मतारीख, विषयांची नावं, एकेक अक्षर बोट ठेवून.

दोन_जिने_वर

इटलीचं मी सांगते. मिलानला आहे, माझी तुर्की रूममेट दोन वर्षांपूर्वी याच वाटेनं आली. इटलीत विद्यापीठं सहसा दोनपैकी एक मागतात: इटालियन वकिलातीचं 'मूल्य घोषणापत्र', किंवा चिमेआ या संस्थेचं तुलनापत्र. परदेशी पदवी इटलीत कोणत्या पातळीची धरायची, ते दोन्हींत असतं. घोषणापत्रासाठी तिला पदवीवर अपॉस्टिल आणि इटालियन भाषांतर लागलं होतं. तिच्या विद्यापीठाला चिमेआचं चालणार होतं, पण वकिलातीच्या सगळ्या फेऱ्या मारून झाल्यावर तिनं ते वाचलं. भाचीनं विद्यापीठाला आधी एक मेल टाकावा, दोन्ही चालतात का म्हणून. आणि तात्पुरत्या दाखल्यावर अपॉस्टिल करू नका. कांदेपोहे, बरोबर ना?

कांदेपोहे_अंकारा

शंभर टक्के. पदवी घेताना तात्पुरता दाखला विद्यापीठाला परत द्यावा लागतो. माझ्या मित्रानं मूळ दाखला अपॉस्टिल करून परदेशी कुरियरनं पाठवला आणि पदवी घ्यायला गेला तेव्हा हात रिकामे. हरवल्याचं लिहून देणं, वर्तमानपत्रात जाहिरात, दीड महिना गेला. परदेशी पाठवायची ती नोतेरची 'आस्ली गिबीदिर' प्रत. मूळ कागद घराबाहेर काढायचा नाही.

एपीएस_पार_केलेली

हे चांगलं कळलं. आमच्याकडे मुंबईच्या एका मैत्रिणीचं अडलं ते नावावर. पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जोडली तेव्हा पुढे सरकलं. तुर्की बायकांचं काय होतं?

कांदेपोहे_अंकारा

इथेही लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची पदवी जुन्या आडनावावर असते. ई-देव्लेतवरून कुटुंब नोंदीचा उतारा काढायचा, त्यात आधीचं आडनाव येतं. तो भाषांतर करून पदवीसोबत लावतात.

आणि नुसती माणसांची नावं बदलतात असं नाही, विद्यापीठांचीही बदलतात. २०१८मध्ये इस्तंबूल विद्यापीठातून जेर्राहपाशा वेगळं झालं, गाझी विद्यापीठातून हाजी बायराम वेली. ज्यानं प्रवेश एका नावाखाली घेतला, त्याची पदवी दुसऱ्या नावाची. अर्जात एक ओळीचा खुलासा जोडला की काम होतं. बंद पडलेल्यांचं मात्र अवघड. २३ जुलै २०१६च्या हुकमानं १५ खासगी विद्यापीठं एका दिवसात बंद झाली. इस्तंबूलचं शेहिर विद्यापीठ जून २०२०मध्ये बंद होऊन विद्यार्थी मार्मारा विद्यापीठाकडे गेले. परदेशातल्या कारकुनानं जुन्या पत्त्यावर मेल टाकला तर उत्तर देणारं कोणी नाही. पडताळणी कुठे करायची ते विद्यार्थ्यानंच लिहून द्यायला हवं.

र्‍हाईनकाठ

याला दुजोरा. बंद विद्यापीठाची पदवी आली की टेबलावर चर्चा होते. विद्यार्थ्यानं आपणहून खुलासा आणि नव्या विद्यापीठाच्या कार्यालयाचा पत्ता दिला असेल तर अर्धा दिवस वाचतो. पदवी मिळताना विद्यापीठ मान्य होतं, हे आम्ही मानतो. ज्या मुलानं प्रामाणिकपणे शिकून घेतलं, त्याच्या हातून ते काढून घेणं मला तरी मान्य नाही.

सहज_सुचलं

पण पदवी मागाहून रद्दही होते ना? मार्च २०२५मध्ये इस्तंबूल विद्यापीठानं २८ जणांच्या पदव्या रद्द केल्या, त्यात इस्तंबूलचे तेव्हाचे महापौर एक्रेम इमामोग्लूही होते. १९९०मध्ये दुसऱ्या विद्यापीठातून बदलून घेतलेल्या प्रवेशावरून, पस्तीस वर्षांनी. दुसऱ्याच दिवशी त्यांना ताब्यात घेतलं. मग 'खरी पदवी' म्हणायचं कशाला?

कांदेपोहे_अंकारा

त्या आठवड्यात इथल्या कँपसमध्ये हाच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. मुलं स्वतःच्या पदवीच्या प्रती काढून घरी ठेवत होती. मला तेव्हा एवढंच कळलं की कागदामागे संस्था ताठ उभी नसेल तर कितीही शिक्के मारा, उपयोग नाही.

आणि आज लिहायला बसलोच आहे तर अजून एक. माझा खोलीमित्र अंताक्याचा. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात त्याचं घर गेलं, आई वाचली. कपाटात त्याची आणि बहिणीची पदवी होती. तंबूत राहताना बहिणीला परदेशी अर्जाची मुदत होती. तिनं मोबाइलवर ई-देव्लेत उघडून पदवीधर दाखला उतरवून घेतला, दुसऱ्या शहरात मावशीकडे छापला आणि अर्ज केला. सहज_सुचलं, त्या दिवशी तुमचं म्हणणं खरं ठरलं होतं. घर नव्हतं, पण साठा होता.

सहज_सुचलं

यावर काही बोलवत नाही. तुमच्या मित्राच्या आईला नमस्कार सांगा.

जुना_तलाठी

६७ साली कोयनेला भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील म्हणायचे, माणसं सापडली की मग कागद शोधायचे. त्या मुलीला प्रवेश मिळाला का?

कांदेपोहे_अंकारा

मिळाला काका. नेदरलँड्समध्ये आहे. मूळ पदवीची दुसरी प्रत नंतर विद्यापीठानं दिली.

इझमिरची_सून

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. सगळं सांगते.

र्‍हाईनकाठदादांनी सांगितल्याप्रमाणे वही केली. जर्मनीच्या तिन्ही विद्यापीठांपैकी एकालाही अपॉस्टिल नको होतं. दोघांना प्रमाणित प्रत आणि इंग्रजी भाषांतर. तिसऱ्याला विद्यापीठानंच दिलेलं इंग्रजी गुणपत्रक पुरलं, भाषांतरच नको. नोतेरनं कागदावर लिहून दिलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी खर्च झाला. उरलेल्या पैशांत तिन्ही अर्जांचं शुल्क निघालं.

भाषांतर घरी आणून, तर्जुमाताईंनी म्हटलं तसं, बोट ठेवून वाचलं. भाचीच्या आडनावात बिंदू नसलेला आय आहे, तुर्कीत ते वेगळं अक्षर, उच्चारही वेगळा. भाषांतरात एका पानावर आडनाव बरोबर होतं आणि दुसऱ्या पानावर त्याचा यू झाला होता. एकाच माणसाची दोन आडनावं! कार्यालयात परत गेलो. तिथल्या मुलीनं माफी मागितली, पान बदललं, नोतेरकडे स्वतः नेऊन नवीन सही आणली. पासपोर्टखालच्या यंत्रवाचनाच्या ओळीत साधा आय असतो, म्हणून तीन अर्जांत खुलाशाची एक ओळही घातली.

इटलीच्या विद्यापीठाचं उत्तर आलं: चिमेआचं तुलनापत्र चालेल. त्यासाठी पदवी हवी, आणि ती परवा आली. भाची तात्पुरता दाखला परत द्यायला गेली, त्याआधी त्याच्या दोन नोतेर प्रती काढून ठेवल्या. पदवीसोबत दिप्लोमा एकी मिळाली, इंग्रजीत, तिनं बसमध्येच सगळी वाचून काढली आणि मला फोटो पाठवला. बारावीचा दाखला आणि विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा निकाल एका जर्मन विद्यापीठानं मागितला आहे, मास्टर्सला कशाला ते कळलं नाही.

र्‍हाईनकाठ

द्या. तुर्की शालेय प्रमाणपत्राला आमच्याकडे विद्यापीठ प्रवेश परीक्षेतल्या निकालाची आणि जागा मिळाल्याच्या कागदाची जोड लागते, आणि काही विद्यापीठं मास्टर्सच्या फाइलमध्येही ती साखळी पूर्ण मागतात. परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावरून निकाल नियंत्रण क्रमांकासह निघतो. तो क्रमांकही झाकू नका.

इझमिरची_सून

नाही झाकणार! आत्ताच काढतोय, भाची शेजारी बसली आहे. काका, तिनं तुमच्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर देवनागरीत लिहिलंय, 'असल बरहुकूम'. पहिल्यांदाच देवनागरी लिहिलं, 'ह'ची शेपटी उलटी वळली आहे.

जुना_तलाठी

फोटो टाका सूनबाई. शेपटीसकट.